फाट्यापासून घरापर्यंत : येडशी परिसर आणि विजेवरील लहान वाहने

धाराशिव तालुक्यातील येडशी हे गाव दळणवळणाच्या दृष्टीने भाग्यवान मानले पाहिजे. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. गावाला रेल्वे स्थानक आहे आणि एस.टी.च्या गाड्यांची ये-जाही आहे. असे असूनही परिसरातील वाडी-वस्तीवरचा माणूस प्रवासाला निघतो, तेव्हा त्याची खरी अडचण शंभर किलोमीटरच्या लांब पल्ल्यात नसते. घरापासून फाट्यापर्यंतच्या तीन-चार किलोमीटरांत ती असते.

हा प्रश्न येडशीला नवा नाही. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोहोचली. हा मार्ग येडशीवरून गेला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र बाजूला राहिले. त्यामुळे त्या वेळच्या उस्मानाबादला जाणारा प्रवासी येडशीला उतरे आणि उरलेले सुमारे वीस किलोमीटर मिळेल त्या वाहनाने काटी. ही स्थिती जवळजवळ शतकभर टिकली. २००७-०८ मध्ये रुंद रुळांचे काम पूर्ण होताना मार्गाला वळण देऊन शहर रेल्वेने जोडण्यात आले. शहराचा प्रश्न अशा रीतीने सुटला. प्रत्येक वस्तीसाठी रूळ वळविणे मात्र शक्य नाही. तेथे वाहनच वस्तीपर्यंत गेले पाहिजे.

तुटलेला दुवा

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी’ हे ब्रीद पुढे बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आले. तथापि चाळीस-पन्नास प्रवाशांची मोठी गाडी चार उतारूंसाठी प्रत्येक वस्तीवर नेणे परवडणारे नसते. काळीपिवळी जीप असते, परंतु ती भरल्याशिवाय हलत नाही. परिणामी चार किलोमीटर अंतर पायी तोडण्यात जवळजवळ तास जातो.

त्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे तो निघून जातो. मागे राहतात त्या विद्यार्थिनी, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनीला शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. २०२३ पासून सर्व महिलांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत आहे. परंतु ही सवलत गाडीच्या पायरीपासून सुरू होते. पायरीपर्यंत पोहोचण्याची सोय नसेल, तर सायंकाळी अंधार पडल्यावर मुलगी एकटी कशी येणार, या काळजीने पालक तिची शाळा थांबवितात. मोफत पास घरातच राहतो.

वाहन कसे असते?

बॅटरीवर चालणारी तीनचाकी ई-रिक्षा हा या अडचणीवरील एक उपाय होय. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१४ मध्ये तिच्यासाठी नियम केले आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून तिला स्थान दिले. मुख्य वाहतुकीच्या ठिकाणापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यासाठीचे वाहन, असेच तिचे स्वरूप कायद्याने मानले आहे. चालकाखेरीज चार प्रवासी, ४० किलो सामान आणि ताशी जास्तीत जास्त २५ किलोमीटर वेग या तिच्या मर्यादा होत.

सामान्यतः अशा रिक्षेत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडलेल्या असतात. एकूण ४८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास क्षमता धरली, तर त्यांत सुमारे पावणेपाच युनिट वीज साठते. भरताना होणारी घट लक्षात घेता सहा युनिटांत बॅटरी पूर्ण भरते आणि रिक्षा साधारण ६० ते ८० किलोमीटर धावते. म्हणजे एका युनिटात दहा-बारा किलोमीटर. वस्तीपासून फाट्यापर्यंतच्या चार किलोमीटरांना सुमारे एकतृतीयांश युनिट पुरते आणि वेळ दहा-बारा मिनिटे लागतो. घरगुती जोडणीवर रात्री सात-आठ तासांत बॅटरी भरता येते. त्यासाठी वेगळ्या केंद्राची वाट पाहावी लागत नाही.

येथे तिचे लहानपण हाच तिचा गुण ठरतो. जीप दहा उतारूंसाठी थांबते. रिक्षेला चार पुरतात. चालविण्याचा खर्च कमी असल्याने दोन उतारू घेऊन वेळेवर निघाली, तरी फार तोटा होत नाही. वेळेवर निघणे हीच तर फाट्यावर गाडी धरणाऱ्याची गरज असते.

इतरत्र आलेला अनुभव

या विषयात महाराष्ट्राने पूर्वीच पाऊल टाकले होते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच विजेवर चालणारी सायकल-रिक्षा विकसित केली. रायगड जिल्ह्यातील माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने माणसे हातरिक्षा ओढत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये अनुमती दिल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात सात ई-रिक्षांनिशी तेथे प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ती ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. शेजारच्या नेपाळमध्ये, काठमांडू येथे १९९० च्या दशकापासून ‘सफा टेम्पो’ ही विजेवरील तीनचाकी वाहने ठरावीक मार्गांवर धावत आली असून, ती चालविणाऱ्यांत महिलांची संख्या लक्षणीय आहे.

मर्यादा ओळखून

या वाहनाकडून अवाजवी अपेक्षा करणे मात्र हिताचे नाही. पंचवीसच्या वेगाचे वाहन चौपदरी महामार्गावर भरधाव ट्रकांच्या रांगेत नेणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. म्हणून मार्ग आखताना गावरस्ते व सेवारस्ते निवडावेत आणि महामार्ग ओलांडण्याच्या जागा पोलिसांच्या सल्ल्याने ठरवाव्यात. रामलिंगच्या घाटासारख्या चढावर भरलेली रिक्षा दमते व बॅटरी लवकर उतरते. त्या परिसरात १९९७ पासून अभयारण्य आहे. धूर व आवाज न करणारे वाहन तेथील श्रावणातील गर्दीत उपयोगी पडू शकेल. पण आधी चढाची परीक्षा आणि वनविभागाची संमती घेतली पाहिजे.

दुसरी गोष्ट बॅटरीची. शिसे व आम्ल असलेली स्वस्त बॅटरी रोजच्या कष्टात साधारण वर्ष-दीड वर्षात निकामी होते. लिथियमची बॅटरी अधिक टिकते, परंतु सुरुवातीची किंमत जास्त असते. पहिल्या दिवसापासून मिळकतीतील काही रक्कम नव्या बॅटरीसाठी बाजूला न ठेवल्यास रिक्षा दुसऱ्याच वर्षी अंगणात उभी राहते. जुनी बॅटरी उघड्यावर फोडू नये. शिसे माती व पाणी विषारी करते. ती विक्रेत्याकडे परत द्यावी.

ग्रामपंचायतीचा वाटा

ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीवरील वाहनांना प्रवासी वाहतुकीच्या परवान्याची अट नाही. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि चालकाची अनुज्ञप्ती मात्र आवश्यकच आहे. ई-रिक्षेच्या चालकासाठी किमान दहा दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद नियमांत आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने निवडक शहरांतील महिलांसाठी गुलाबी ई-रिक्षा योजना जाहीर केली. तीत किमतीचा २० टक्के वाटा शासनाचा, १० टक्के लाभार्थीचा आणि ७० टक्के बँक कर्जाचा आहे. याच धर्तीवर गावातील महिला बचत गटांनीही विचार करण्यासारखा आहे.

ग्रामपंचायतीने स्वतः रिक्षा विकत घेतलीच पाहिजे असे नाही. प्रथम एक आठवडा कोणत्या वस्तीवरून, कोणत्या वेळी, किती माणसे फाट्यावर येतात याची नोंद करावी. हे काम शिक्षकांच्या मदतीने शाळेतील मुलेही करू शकतील. त्यानंतर एस.टी. व रेल्वेच्या वेळांशी जुळणारे फेऱ्यांचे वेळापत्रक ग्रामसभेत ठरवावे, भाडे फलकावर लिहावे, थांब्यावर सावली, दिवा आणि स्वतंत्र मीटरची विद्युत जोडणी द्यावी. शाळा सुटण्याच्या वेळची फेरी उतारू कमी असले तरी चुकू नये, एवढी एक अट चालकाशी बोलून पक्की करावी. त्यातील तूट भरून काढण्याची तरतूदही ग्रामसभेतच ठरवावी.

बार्शी लाईटच्या काळात येडशीला उतरलेला प्रवासी पुढच्या वाटेसाठी दैवावर हवाला ठेवून उभा राही. आज साधन उपलब्ध आहे, त्याला वीज पुरेशी आहे आणि नियमही अनुकूल आहेत. उरले आहे ते वेळापत्रक जुळविण्याचे काम, आणि ते गावाच्याच हाती आहे.