कायदा वाचताना (भाग ९) : टीका कारभारावर, टीका माणसावर

मागच्या भागात आपण संविधानातला अनुच्छेद १९ वाचला. बोलण्याचं स्वातंत्र्य पहिल्या पोटकलमात आणि त्यावरची वाजवी बंधनं दुसऱ्यात, अशी त्याची रचना आहे. सरकारवर टीका करणाऱ्या साध्या नागरिकाला ही रचना कुठवर सांभाळते, ते आज पाहू.

तीन वाक्यं घेऊ. ‘गावच्या पाणी योजनेचं काम निकृष्ट झालंय.’ ‘ठेका देताना सरपंचांनी पक्षपात केला.’ ‘सरपंचांनी ठेकेदाराकडून पैसे घेतले.’ पारावर ही तिन्ही एका दमात बोलली जातात. कायदा मात्र ती वेगवेगळी वाचतो, आणि बोलणाऱ्याकडून प्रत्येक वेळी वेगळी अपेक्षा ठेवतो.

पहिलं वाक्य कारभाराबद्दल आहे. इथे संरक्षण सर्वांत भक्कम. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात स्पष्ट केलं, की सरकारला किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेला स्वतःच्या अब्रूसाठी नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. म्हणजे योजनेला नावं ठेवली म्हणून ग्रामपंचायत तुमच्याकडे भरपाई मागू शकत नाही.

कारभारावरच्या टीकेला खरा धोका असायचा तो राजद्रोहाच्या कलमाचा. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं होतं, की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. टिळकांना त्या वेळी दीड वर्षाची शिक्षा झाली. हा अर्थ स्वतंत्र भारतात टिकला नाही. केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२४ अ हे कलम कायम ठेवलं, पण त्याचा आवाका आखडला: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा हेतू वा कल असेल तरच गुन्हा. शब्द कितीही झोंबणारे असोत, तेवढ्याने राजद्रोह होत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. राजद्रोह हा शब्द गेला, पण कलम १५२ आलं. सशस्त्र बंड, फुटीरता, विध्वंसक कारवाया यांना चिथावणी देणं हा त्यात गुन्हा आहे. यातले काही शब्द सैल आहेत, म्हणूनच कलमाखालचं स्पष्टीकरण महत्त्वाचं ठरतं. सरकारचे निर्णय किंवा कारवाई कायदेशीर मार्गाने बदलून घेण्यासाठी, अशी चिथावणी न देता व्यक्त केलेली नापसंती हा गुन्हा नाही, असं ते सांगतं.

दुसऱ्या वाक्यात माणूस आला. सरपंच हा लोकसेवक आणि ठेका देणं हे त्याचं पदाचं काम. न्याय संहितेचं कलम ३५६ अब्रूनुकसानीचं आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी त्यात शिक्षा आहे, पण त्याला दहा अपवादही आहेत. दुसरा अपवाद म्हणतो, की लोकसेवकाच्या पदाच्या कामाबद्दल, आणि त्या कामातून दिसणाऱ्या त्याच्या चारित्र्याबद्दल, सद्भावपूर्वक व्यक्त केलेलं मत ही अब्रूनुकसानी नव्हे. ‘त्या कामातून दिसणाऱ्या’ ही सीमा आहे. सरपंचांच्या घरातल्या भांडणाला हा अपवाद लागू नाही. दुसरी अट मताची. नियम, निविदा, तारखा समोर ठेवून ‘हा पक्षपात आहे’ म्हटलं, तर ते मत होतं.

तिसरं वाक्य मत नाही. ते घडलेल्या गोष्टीबद्दलचं विधान आहे. इथे दोन आधार उरतात. पहिल्या अपवादानुसार आरोप खरा हवा आणि तो जाहीर करणं लोकहिताचं हवं. नवव्या अपवादानुसार तो स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितरक्षणासाठी सद्भावपूर्वक केलेला हवा.

नवव्या अपवादाचा कस लागला तो पंजाबात. मुख्यमंत्री प्रतापसिंह कैरों यांचे पुत्र तस्करीत गुंतल्याचा आरोप हरभजन सिंह या राजकीय कार्यकर्त्याने १९५७ साली वृत्तपत्रांतून केला. खटला झाला, शिक्षा झाली, उच्च न्यायालयातही दोष कायम राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली त्यांना निर्दोष सोडलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. नवव्या अपवादाखाली आरोपीला आरोपाचं सत्य काटेकोरपणे सिद्ध करावं लागत नाही. सरकार पक्षाला ‘निःसंशय’ सिद्ध करावं लागतं, तर आरोपीने आपली बाजू अधिक संभाव्य आहे एवढं दाखवलं तरी पुरतं. आणि सद्भाव म्हणजे कधीही न चुकणं नव्हे, तर बोलण्यापूर्वी पुरेशी दक्षता घेणं.

आजच्या संहितेतली व्याख्याही तीच आहे: यथायोग्य दक्षता आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक मानली जात नाही. मन साफ होतं, एवढं सांगून भागत नाही. न्यायालय विचारतं: बोलण्याआधी चौकशी केली होती का? कागद पाहिले होते का? विश्वास ठेवायला कारण काय होतं? व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर तसाच पुढे ढकलणाऱ्याकडे यातल्या एकाचंही उत्तर नसतं.

पण ही सगळी संरक्षणं कोर्टात मिळतात. माणूस त्याआधीच पोलिस ठाण्यात पोहोचलेला असू शकतो. अब्रूनुकसानी अदखलपात्र आहे, तिथे थेट अटक होत नाही. दखलपात्र कलमं लावली की चित्र पालटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर अनुच्छेद ३७० रद्द केल्याचा निषेध करणाऱ्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या मापाने जोखावा, दुबळ्या मनाच्या नव्हे, ही कसोटी त्या निकालात वापरली गेली. ती मूळची नागपूर उच्च न्यायालयाची, १९४६ सालची.

मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडलं. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते; शब्दांवरून तक्रार असेल तेव्हा त्यांनी हाच मार्ग धरणं योग्य, असं न्यायालय म्हणालं. मात्र कलम १५२ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने ते या तरतुदीत बसत नाही. जिथे आधी चौकशीची सर्वाधिक गरज, तिथेच हे दार बंद आहे.

तेव्हा कारभारावर मोकळेपणाने बोला; नाव घेऊन आरोप करायचा असेल, तर आधी कागद मिळवा. सरकारी दप्तरातून ते कसे मिळवायचे, म्हणजे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज नेमका कसा लिहायचा, ते पुढच्या भागात.