पंधरा दिवसांत गोरं करणारी डबी: आत काय असतं, बिघडतं कुठे

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. सुरतेच्या या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो घरं आहेत. माणसं इथे रुळली, पण सोयरिकी अजून बऱ्याचदा गावाकडेच जुळतात. बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो. त्यात जन्मवेळ, उंची, शिक्षण आणि मध्येच एक रकाना असतो: वर्ण. कुणी ‘गोरा’ लिहितं, कुणी ‘निमगोरा’, कुणी ‘गव्हाळ’. ‘सावळा’ लिहिताना घरात चर्चा होते आणि शेवटी बहुतेक वेळा ‘गव्हाळ’वर तडजोड होते. जून २०२० मध्ये शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली, पण आपल्या घरच्या बायोडाटातला रकाना जागच्या जागी आहे.

तुळशीचं लग्न झालं की या रकान्याची धावपळ सुरू होते. ओळखीच्या पार्लरमधून नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून एक डबी घरात येते. ‘पंधरा दिवस लाव, चेहरा उजळेल’, एवढंच सांगितलेलं असतं. ती लावल्यावर कातडीत काय घडतं, ते आपण क्रमाने पाहू.

आधी रंग बनतो कसा, ते समजून घेऊ. त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी रंगपेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि त्याचे बारीक कण शेजारच्या पेशींना देतात. तिथे हे कण पेशीच्या गाभ्यावर छत्रीसारखे पसरतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून तो गाभा वाचवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कणांचा आकार, त्यांचं प्रमाण आणि मेलॅनिनचा प्रकार यांत, आणि तो ठरतो आई-वडिलांकडून आलेल्या अनेक जनुकांवर.

म्हणून गरोदरपणात केशर घातलेलं दूध प्यायल्याने बाळ गोरं होत नाही. दूध जरूर प्यावं, ते पोटासाठी. बाळ जन्मलं की आपल्याकडे बायका त्याच्या कानाची पाळी उलटून रंगाचा अंदाज घेतात. नवजात बाळ बहुधा उजळ दिसतं आणि पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत त्याचा मूळ रंग वर येतो. त्यात आईचं काही चुकलेलं नसतं आणि नजरही लागलेली नसते. तरी बाळंतिणीला बोल लावले जातात. ज्या बाईला धड झोपही मिळालेली नाही, तिला बाळाच्या रंगाचा जाब विचारणं मला फार क्रूर वाटतं.

आता एक मोजमाप लक्षात ठेवा. त्वचेचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण महिना लागतो. तळाशी आज कमी रंग तयार झाला, तरी तो फरक वर दिसायला आठवडे जाणार. म्हणजे जी डबी आठवड्याभरात चेहरा ‘खुलवते’, तिने रंग बदललेला नसतो. तिने दुसरंच काहीतरी केलेलं असतं.

बाजारात मिळणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या साध्या क्रीमचं काम सौम्य असतं. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणली, जुलै २०२० मध्ये तिचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. अशा क्रीममध्ये बहुधा नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, उन्हापासून बचाव करणारे घटक आणि कातडीला ओलावा देणारे पदार्थ असतात. नायसिनामाइड रंगकण शेजारच्या पेशीत जाण्याचा वेग थोडा कमी करतं. त्यामुळे उन्हाने आलेला काळवंडपणा किंचित उतरतो. मूळ रंग तोच राहतो. अशा क्रीमने कातडीचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते जाहिरातीने, कारण नोकरी, नवरा आणि आत्मविश्वास गोऱ्या चेहऱ्यालाच मिळतो, असं तिने आपल्या दोन पिढ्यांना शिकवलं.

खरा घोळ दुसऱ्या प्रकारात आहे: स्टेरॉइडची ट्यूब. स्टेरॉइड म्हणजे सूज आणि खाज दाबणारं औषध. इसब, सोरायसिस यांसाठी ते फार उपयोगी आहे, पण किती दिवस लावायचं ते डॉक्टर ठरवतात. चेहऱ्यावर लावलं की बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा फिकट दिसू लागतो. आपण म्हणतो, ‘गुण आला’. १९७५ मध्येच अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण वापरून रंग कमी करता येतो, हे मांडलं होतं. वांगासारख्या डागांवर डॉक्टर आजही असं मिश्रण ठरावीक मुदतीपुरतं देतात. आपल्याकडे मात्र अशा ट्यूब चेहऱ्याची रोजची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावल्या जातात. कधी नवऱ्याच्या गजकर्णासाठी आणलेली ट्यूबच बायको चेहऱ्याला लावते.

दोन-तीन महिन्यांनी कातडी पातळ होते. गालावर लाल रेषा दिसतात, पुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते, चुलीसमोर बसलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. घाबरून ट्यूब थांबवावी तर लाली आणि जळजळ दुपटीने उसळते. इथेच बहुतेक जणी फसतात. ‘सोडली की चेहरा खराब होतो, म्हणजे क्रीम चांगली आहे’, असं वाटून त्या पुन्हा लावायला लागतात. प्रत्यक्षात ती त्या औषधाची सवय लागल्याची खूण असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ औषधं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

तिसरा प्रकार सर्वांत घातक: पारा. पाऱ्याचे क्षार टायरोसिनेज या विकराचं, म्हणजे मेलॅनिन बनवायला लागणाऱ्या रसायनाचं काम अडवतात. रंग खरंच कमी होतो. पण पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साचतो. तिथली गाळणी खराब झाली की लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला होता. घरात तिघी एकच स्थानिक क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही असंच आढळलं: मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. भारतात चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. त्यात नकळत राहिलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही.

डबी हातात घ्या आणि उजेडात धरा. बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी, यांतलं काही नसेल तर ती लावूच नका. यादीत शेवटी ‘सोन’ असलेलं नाव दिसलं, जसं बीटामेथासोन, मोमेटासोन, किंवा क्लोबेटासॉल, तर ते स्टेरॉइड. ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘मर्क्युरस’, ‘कॅलोमेल’ म्हणजे पारा. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याची खूण असू शकते, कारण पारा सोन्याला धरतो. फसवणारा माणूस घटक लपवतो, त्यामुळे यादी स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. पत्ता नसलेली डबी आणि आठवड्यात दिसलेला फरक, या दोन गोष्टी संशयाला पुरेशा आहेत.

घरगुती उपायांतही एक खड्डा आहे. लिंबू चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि काळे चट्टे पडतात. हळद आणि डाळीचं पीठ चेहरा स्वच्छ करतं, त्याने रंग बदलत नाही. पार्लरचं ब्लीच मुख्यतः चेहऱ्यावरची लव पिवळसर करतं. आणि ग्लुटाथायोनचं इंजेक्शन: गोरं करण्यासाठी त्याला आपल्या देशात मान्यता नाही.

मान आणि काखा मखमलीसारख्या जाड, काळ्या होत असतील तर त्याला मळ समजून घासू नका. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. मुलीला ‘मान नीट धू’ म्हणून ओरडण्याआधी तिची साखर तपासून घ्या.

उन्हाने आलेला काळवंडपणा कमी करायचा तर ऊन अडवणं एवढाच खात्रीचा मार्ग. सुरतेत मुली दुचाकीवर तोंडाला ओढणी घट्ट बांधतात, ती सवय चांगली आहे. सोबत एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, दोन बोटांवर भरेल एवढं, चेहऱ्याला आणि मानेला. उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. गोरं होण्यासाठी नाही, कातडी सांभाळण्यासाठी.

स्टेरॉइडची ट्यूब महिनोन् महिने लावली असेल तर मनाने उलटसुलट काही करू नका. सुरतेतली नवी सिव्हिल किंवा महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय, दोन्हीकडे त्वचाविभागाची ओपीडी आहे. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात किंवा सौम्य औषधावर आणतात. मधले काही आठवडे, कधी काही महिने, लाली उसळेल. घरच्यांनी तेव्हा ‘आधीच बरी दिसत होतीस’ म्हटलं की सगळी मेहनत वाया जाते, कारण ती मुलगी त्याच संध्याकाळी पुन्हा ट्यूब उघडते. पाऱ्याचा संशय असेल तर मात्र डबी त्याच दिवशी बंद करा. पायाला सूज, फेसाळ लघवी, हात थरथरणं, झोप उडणं, यांपैकी काही असेल तर लघवी आणि रक्त तपासा. क्रीम न लावणाऱ्यांचीही तपासणी करा, विशेषतः लहान मुलांची, कारण टॉवेल, उशी आणि आईच्या गालावरून पारा त्यांच्यापर्यंत पोचतो.

अशी डबी विकणाऱ्याची तक्रार गुजरातच्या अन्न व औषध नियमन विभागाकडे करता येते. बिल असेल तर जपा, नसेल तर दुकानाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. आणि डबी रागाने कचऱ्यात टाकू नका. झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डॉक्टरांकडे घेऊन जा. आत काय होतं हे तिच्यावरूनच कळतं.