जुन्या जिप्सीची समोरची काच गळतेय? रबर स्वतः कसं बदलायचं, समजून घ्या

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. ताम्हिणी घाट, धो धो पाऊस आणि आमची १९९८ची सॉफ्ट टॉप जिप्सी. गाडी बाबा चालवत होते. माझा फोन डाव्या सीटवर माझ्या शेजारी चार्जिंगला लावलेला. अचानक स्क्रीनवर इशारा आला: चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे, केबल काढा.

गंमत म्हणजे फोनवर एकही थेंब पडलेला नव्हता. पाणी डॅशबोर्डच्या कडेवरून चार्जिंगच्या केबलवर उतरलं होतं आणि केबलवरून घरंगळत थेट पोर्टपर्यंत पोचलं होतं.

फोन पुसला, पण बाबांचा मूड गेला. "दिवाळीला विकून टाकू हिला," ते म्हणाले. "दरवर्षी पाय ओले करून घ्यायचं वय राहिलं नाही माझं." डॅशबोर्डखाली वायरिंग आहे, तिथे रोज पाणी ठिबकत राहिलं तर एक दिवस शॉर्टसर्किट होणार हे त्यांनाही कळत होतं. मी म्हटलं, "बाबा, दिवाळीपर्यंत मला वेळ द्या." पावसाळा संपेपर्यंत गाडी ताडपत्रीखाली राहिली आणि मी शिकत बसले. जे शिकले ते या लेखात.

आधी एक महत्त्वाची गोष्ट

ही पद्धत फक्त ज्या गाड्यांची काच रबरात बसवलेली असते त्यांच्यासाठी आहे. जुनी जिप्सी, जुन्या जीप वगैरे. आजच्या बहुतेक गाड्यांत समोरची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. तिथे काच गाडीच्या मजबुतीचा भाग असते, आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते. त्या काचेला घरी हात लावायचा नाही.

रबर काम कसं करतं?

तुमच्या फोनवर आयपी६७ किंवा आयपी६८ लिहिलेलं असतं ना? आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकेल. हे कशामुळे? आत बारीक रबरी सील आणि चिकट पट्ट्या असतात म्हणून. फोन कंपन्या स्वतःच लिहितात की ही क्षमता कायमची नसते, वापराने कमी होते. गाडीच्या रबराचंही तसंच आहे.

काचेचं रबर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बिडिंग, मधून कापलं तर आडव्या एच अक्षरासारखं दिसतं. त्याला दोन खाचा असतात. एका खाचेत काच बसते, दुसरीत चौकटीच्या पत्र्याची कड. रबर दोन्हीकडे सतत दाबून धरतं, म्हणून पाणी आत येत नाही.

उन्हाने, हवेतल्या ओझोनने आणि वयाने रबर कडक होतं. वर्षानुवर्षं दाबलेलं राहिल्यामुळे त्याच आकारात बसून जातं आणि उलटं दाबायचं बंद करतं. शिवाय थोडं आखूडही होतं. आखूड झालेलं रबर सगळ्यात आधी कोपऱ्यांत सुटतं. पंचवीस वर्षांच्या रबराने असं केलं तर यात दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे.

गळती शोधा: इथे फोन कामाला येतो

पाणी जिथे ठिबकतं तिथूनच आत शिरतं असं नाही. माझ्या केबलने हेच तर दाखवलं होतं. त्यात सॉफ्ट टॉप जिप्सीत काचेची चौकट बोनेटवर आडवी पाडता येते. म्हणजे इथे रबरं दोन: एक काच आणि चौकट यांच्यात, दुसरं चौकट आणि तिच्या खालचा पत्रा यांच्यात. चुकीचं रबर बदललंत तर पैसे आणि मेहनत दोन्ही पाण्यात.

आम्ही टेस्ट अशी केली:

१. गाडी सपाट जागी लावली. आतून काचेच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावल्या. ओली पट्टी लगेच ओळखू येते.

२. बाबांचा फोन आत सीटवर टेकवून व्हिडिओ चालू केला, टॉर्चसकट. माझा फोन बाहेर. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एकदा जोरात टाळी वाजवली. नंतर दोन्ही व्हिडिओंत टाळीचा आवाज शोधला की वेळ जुळवता येते.

३. बागेच्या नळीने, प्रेशर न देता, आधी सगळ्यात खाली पाणी सोडलं. चौकटीखालच्या रबरावर ३ मिनिटं. मग काचेची खालची कड, मग बाजू, मग वरचे कोपरे. क्रम खालून वर असाच ठेवायचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

खालचं रबर कोरडं निघालं. बाजूही कोरड्या. वरच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी सोडलं आणि ४० सेकंदांनी आतल्या व्हिडिओत खालच्या डाव्या कोपऱ्यातली पट्टी काळपट झाली. पाणी वर शिरत होतं, रबराच्या खाचेतून पन्हळीसारखं खाली येत होतं आणि खाली बाहेर पडत होतं. बाबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला.

माझी जुनी चूक

आता कबुली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मीच हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणून खालच्या कडेला बाहेरून फासली होती. तेव्हा वाटलं, काम झालं.

दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या. बाथरूमसाठी मिळणारं साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि उघड्या पत्र्याला त्याने गंज चढतो. दुसरं, पाणी वरून शिरतच होतं. मी फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती. पाणी रबराखाली साचून राहिलं.

काय काय लागेल?

- नवीन रबर, शक्यतो ईपीडीएमचं. हे ऊन आणि ओझोन चांगलं सहन करतं.
- ४ ते ५ मिमी जाडीची नायलॉनची दोरी, काचेच्या परिघापेक्षा अर्धा मीटर जास्त
- भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी
- कटर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर
- रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, रंग
- न वाळणारं विंडशील्ड सीलंट
- जाड हातमोजे, गॉगल आणि एक शांत डोक्याचा माणूस

रबर घेताना जुन्याचा इंचभर तुकडा कापून, शेजारी पट्टी ठेवून कापलेल्या बाजूचा फोटो काढा. मी तो फोटो घेऊन पुण्यात नाना पेठेत गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, मॉडेल सगळेच सांगतात. खाच दाखवणारं कुणी येत नाही." मीटरवर कापून मिळणारं रबर घेऊ नका, कोपऱ्यात ते नीट वळत नाही. साच्यात केलेलं, अखंड रिंगसारखं रबर घ्या.

काम कसं करायचं?

१. काच काढणं. वायपर, आरसा, सनशेड काढून घ्या. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, स्क्रू कुठला कुठे ते नंतर आठवत नाही. जुनं रबर फेकायचंच आहे, तेव्हा ते वाचवत बसू नका. बाहेरची कड कटरने पूर्ण गोल कापून काढा. मग एकाने आतून तळहाताने हळू ढकलायचं, दुसऱ्याने बाहेर झेलायचं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर. दगड लागला तर तिचे तुकडे अंगावर येत नाहीत, पण कडेवर एका जागी दाब आला की सरळ तडा जातो.

२. पत्रा तपासणं. इथे माझा चेहरा उतरला. सिलिकॉन खरवडलं तेव्हा खाली पत्र्याचे पापुद्रे निघाले. डाव्या कोपऱ्यात दोन भोकं. गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "अजून एक पावसाळा गेला असता तर चौकटच बदलावी लागली असती." भोकं त्यांनी वेल्डिंगने बुजवली. बाकी मी केलं: तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, रंग. रंग पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर रबर बसवलं तर सगळं मुसळ केरात. सिलिकॉनचा कणही ठेवू नका, त्याच्यावर रंगही धरत नाही आणि सीलंटही.

३. रबर आधी काचेवर. रबर तासभर उन्हात ठेवा, मऊ होतं. काच स्वच्छ पुसून सतरंजीवर ठेवा आणि रबर तिच्याभोवती बसवा. कोपऱ्यापासून सुरुवात करा.

४. दोरीची युक्ती. रबराच्या मोकळ्या खाचेत, जिथे पत्रा बसणार आहे तिथे, दोरी गोल फिरवा. दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवर १५ ते २० सेंमी चढवून गाडीच्या आतल्या बाजूला लोंबकळत ठेवा. खाचेला आणि पत्र्याच्या कडेला साबणपाणी लावा. तेल, ग्रीस किंवा पेट्रोल अजिबात नको, त्याने ईपीडीएम फुगतं.

आता काच बाहेरून चौकटीवर टेकवा. बाहेरचा माणूस तळहाताने दाबत राहील. तुम्ही आतून दोरीचं एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढा. दोरी निघताना रबराची आतली कड उचलते आणि पत्र्याच्या आत आणून बसवते. आधी खालची कड, मग बाजू, सगळ्यात शेवटी वरची. दोरी जिथे पोचली असेल तिथेच बाहेरून दाब हवा.

पहिल्या वेळी मी फसले. कोपऱ्यावर मी दोरी झटक्यात ओढली. दोरी हातात आली, रबर बाहेरच राहिलं. काच उतरवून पुन्हा पहिल्यापासून. बाबा बाहेरून म्हणाले, "वळणावर कुणी एक्सलेटर दाबतं का?" दुसऱ्यांदा प्रत्येक कोपऱ्याला मी बोट बोट दोरी ओढली, आणि बसलं.

५. सीलंट. रबराची बाहेरची कड हलकी उचलून, नोझलने पत्रा आणि रबर यांच्यामध्ये सीलंट भरा. हे कडक होत नाही, त्यामुळे गाडी खड्ड्यातून जाताना चौकट हलली तरी तडकत नाही. बाहेर आलेलं लगेच पुसा.

६. पुन्हा टेस्ट. दुसऱ्या दिवशी तीच टिश्यू, तेच दोन फोन, तीच टाळी. खालून वर. एखादी पट्टी ओली झालीच तर फक्त तेवढ्या भागात रबर उचलून सीलंट भरा.

लक्षात ठेवा

- आधी टेस्ट, मग खरेदी. थेंब दिसला तिथे ट्यूब फासू नका.
- गळती बाहेरून झाकली की ती आत सरकते. गंज दिसत नाही, पण वाढत असतो.
- पत्र्याला भोक असेल तर त्यावर लांबी भरून रंग मारू नका. वेल्डिंग करून घ्या.
- काच काढायला किमान दोन माणसं हवीतच.

आमचं काम दसऱ्याच्या आठवड्यात संपलं. दिवाळी आली आणि गेली, विकायचा विषय कुणी काढला नाही. पण खरी परीक्षा पुढच्या जूनमध्ये होती. तोच ताम्हिणी घाट, तसाच पाऊस. मी मुद्दाम फोन डाव्या सीटवर चार्जिंगला लावला आणि सगळा घाट त्याच्याकडे बघत बसले. इशारा आला नाही.

घाट उतरून चहाला थांबलो. बाबांनी वाकून डॅशबोर्डखाली हात फिरवला, बोटं बघितली, अंगठ्याने चोळली. कोरडी होती.

"आता वायपरचं बघ," ते म्हणाले. "डावा आवाज करतोय."