अनोळखी तबकडीची ओळख



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले की तो महागाई, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार असे श्रोते गृहीत धरून येतात. आज मी त्यांची थोडी निराशा करणार आहे. गाण्याच्या तबकड्या, म्हणजे ज्यांना आपण पुढे अल्बम म्हणू लागलो, त्या आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर जाऊन कशा शोधाव्या आणि कशा ऐकाव्या, हा माझा आजचा विषय आहे. मी संगीताचा जाणकार नाही. माझी शाळा दहावीला सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत बसून आणि सीताबर्डीच्या फुटपाथवरची जुनी पुस्तके विकत घेऊन. परंतु कोणी शिकवणारा नसताना अनोळखी प्रांतात पाऊल कसे टाकावे, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

आरंभी एका चुकीची कबुली दिली पाहिजे. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. आमच्या शेजारी त्याच खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहत. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि त्यावर ते अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावीत. १९९१ साली मी बावीस वर्षांचा होतो, संघटनेत नवा होतो आणि सगळे काही मला ठाऊक होते. एका संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "काका, हे सरंजामदारांचं गाणं आहे. कामगारानं कशाला ऐकावं?" काकांनी सुई उचलली आणि शांतपणे विचारले, "पुरी आयकली का तू, बाबू? तीन मिन्टाची तं हाय. तुह्या फाटकावरच्या भाषणाहून लहान हाय."

मला उत्तर सुचले नाही, कारण मी ती पुरती ऐकलीच नव्हती. न ऐकताच मी निकाल देऊन बसलो होतो. मालकाने आमचे मागणीपत्र न वाचता परत केले की आम्ही फाटकावर निदर्शने करतो. आणि येथे मी स्वतः तेच केले होते. पुढे वाचले तेव्हा कळले की हे खाँसाहेब बडोद्याच्या दरबाराची नोकरी सोडून बाहेर पडले, पुण्यात त्यांनी संगीताचे विद्यालय काढले, मिरजेला घर केले आणि १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनच्या फलाटावर त्यांचा अंत झाला. सरंजामदार तो कोठे होता?

म्हणून पहिला नियम असा, की तबकडी पुरती ऐकल्यावाचून मत देऊ नये. आता तबकडी म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. वस्तूची घडण कळली की अर्धा अनोळखीपणा तेथेच संपतो.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल आपल्या नागपुरात सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एडिसनने बोललेला शब्द पुन्हा ऐकवणारे यंत्र तयार केले. सपाट तबकडीचा ग्रामोफोन त्यानंतरचा. तो एमिल बर्लिनर याने १८८७ साली नोंदवला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात व तेथे तबकड्या छापून परत येत. गाण्याच्या शेवटी गौहर जान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगतात. दूरदेशीच्या कारखान्यातील माणसाला गाणारी कोण हे कळावे म्हणून ही प्रथा पडली, असे सांगतात.

त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रात्र रात्र राग आळवणाऱ्या गवयाला तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सारे बसवावे लागे. १९२५ पर्यंत मायक्रोफोनही नव्हता. गायकाला एका भोंग्यात तोंड घालून जोराने गावे लागे. तेव्हा जुनी तबकडी ऐकताना आवाज किनरा, चिरका वाटला तर गवयाला दोष देऊ नका. यंत्राच्या अडचणीशी झुंज घेत एक मनुष्य आपले काम करतो आहे, हे ध्यानात ठेवून ऐका. साच्यावर काम केलेल्याला हे लवकर समजते.

आणखी एक गोष्ट. ती जुनी तबकडी बनत असे लाखेपासून. पळस, कुसुम, बोर या झाडांवर एक बारीक किडा वस्ती करतो आणि त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या रसाची लाख होते. जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थान होता. आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलातही लाख गोळा होत आली आहे. लाखेत दगडाची भुकटी व काजळी मिसळून तबकडी छापीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने लाखेच्या वापरावर निर्बंध घातले, तेव्हा तिकडचे तबकड्यांचे उत्पादन घटले. म्हणजे न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या संगीताला आपल्याकडच्या जंगलात फांद्या तोडणाऱ्या मजुराचा हात लागलेला होता. त्या संगीताला परके म्हणण्याचे आपल्याला काय कारण?

अल्बम हा शब्दही याच तबकड्यांमुळे आला. मोठी रचना एका तबकडीत मावत नसे. मग चार-सहा तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत घालून विकत. फोटोंचा अल्बम असतो तसा हा तबकड्यांचा अल्बम. १९४८ साली मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. १९५५ साली अली अकबर खाँ यांचे सरोदवादन अमेरिकेत अशा तबकडीवर निघाले आणि त्याची ओळख करून दिली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांनी. आपल्याकडे किशोरीताई आमोणकरांचा भूप दीर्घ तबकडीवर ऐकताना कळते, की तीन मिनिटांत जे बसतच नव्हते ते येथे मोकळे झाले आहे. १९७४ साली शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेली आणि लताबाईंनी गाईलेली 'शिवकल्याण राजा' ही तबकडी निघाली. वेगवेगळ्या कवींची काव्ये एका सूत्रात ओवून तीत एकच चरित्र उभे केले आहे. अल्बम म्हणजे असा ओवलेला हार. त्यातले एकच फूल तोडून हुंगले तर हार पाहिला असे होत नाही.

आता नवी तबकडी शोधायची कशी? मी तीन वाटा वापरतो.

पहिली वाट गाण्याच्या घाटाची. आपल्या नागपुरात ताजबागेला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, उरुसाला कव्वाली होते. ती ऐकत आम्ही मोठे झालो. दुसरीकडे आमच्या वस्त्यांतून भीमगीतांच्या कव्वालीचे सामने रंगत. टाळी तीच, ठेका तोच, विषय मात्र बाबासाहेबांचा आणि माणुसकीच्या हक्काचा. वामनदादा कर्डकांची गीते गावोगाव पोचली, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघरी गेला, आणि शाहीर विठ्ठल उमप तर लोकगीत, भीमगीत, कव्वाली, गझल असे सारे एकाच गळ्यातून गात. १९८० नंतर स्वस्त कॅसेट आली तेव्हा एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी ढिली झाली आणि ज्यांना पूर्वी कोणी दारात उभे केले नसते त्यांची गाणी दीक्षाभूमीच्या मैदानाबाहेर दुकानांत रचून विकली जाऊ लागली. मी त्या दुकानांतच ऐकायला शिकलो. पुढे कोणी मला पाकिस्तानच्या नुसरत फतेह अली खाँ यांची कॅसेट दिली, तेव्हा ती मला परकी वाटली नाही. ताजबाग ते भीमकव्वाली आणि तेथून लायलपूर, ही एकच वाट होती.

दुसरी वाट हाताची, म्हणजे श्रमाची. विडी कामगारांत काम करताना मी कामठीला नेहमी जातो. बाबू हरदास यांनी विडी मजुरांची संघटना बांधली ते हे गाव. एकदा कोणी मला क्यूबा देशाचा 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' हा १९९७ सालचा अल्बम ऐकवला. भाषा स्पॅनिश, शब्द एक कळेना. मी कंटाळणार इतक्यात त्यातील कोंपाय सेगुंदो या गायकाची माहिती हाती लागली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हा गृहस्थ नव्वदीला टेकला होता आणि आयुष्याची अनेक वर्षे त्याने सिगारच्या कारखान्यात सिगार वळल्या होत्या! मी अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला. त्या देशात १८६५ पासून सिगार कामगारांनी एक प्रथा पाडली होती. मजुरीतून वर्गणी काढून ते एक वाचक नेमीत, आणि हात तंबाखू वळीत असताना तो त्यांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. हे मी कामठीच्या बायांना सांगितले तेव्हा एक आजी म्हणाली, "मंग आमच्याकडं काहून नाई?" तिला मी अजून उत्तर दिलेले नाही. परंतु तो अल्बम तिने तेंदूच्या पानांवरून हात न थांबवता शेवटपर्यंत ऐकला.

तिसरी वाट माणसाकडून माणसाकडे जाणारी. अमेरिकेचे कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांचा खर्जातला आवाज मी प्रथम एका कॅसेटवर ऐकला. 'जो हिल' हे, १९१५ साली देहान्त शिक्षा झालेल्या एका कामगार गीतकारावरचे गाणे ते गात. अशा विचारांपायी सरकारने १९५० ते १९५८ त्यांचा पासपोर्ट अडकवून ठेवला होता. न्यूयॉर्कला शिकत असताना आसामचे भूपेन हजारिका यांची त्यांच्याशी गाठ पडली. रोबसन यांचे मिसिसिपी नदीवरचे गाणे हजारिकांच्या मनात रुजले, आणि त्यातून ब्रह्मपुत्रेच्या काठचे असमिया गीत जन्मले. रोबसनवरून मी हजारिकांकडे आलो आणि हजारिकांवरून आसामच्या लोकगीतांकडे. आपल्याकडची गुरुपरंपरा ही अशीच वाट आहे. भीमसेन जोशी सांगत, की लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गाण्याचा ध्यास लागला. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. भीमसेनजी आवडत असतील तर एक एक पायरी मागे जा. तुम्ही आपोआप काकांच्या तबकडीपाशी येऊन पोचाल.

कोणी म्हणेल, आता तबकडी कशाला? जगातले सगळे संगीत खिशातल्या मोबाईलवर आहे. खरे आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. गरिबालाही ते मिळते ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्या यंत्राची एक खोड ओळखून असावे. काल जे ऐकले त्याच्यासारखेच ते आज पुढे करते. हा मोठा आदबशीर नोकर आहे, पण तो तुम्हाला तुमच्याच अंगणात फिरवत ठेवतो. अंगणाबाहेर पाऊल आपले आपणच टाकावे लागते. महिन्यातून एक अनोळखी अल्बम निवडा. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दिलेल्या क्रमाने, तीनदा ऐका. पहिल्या खेपेस नुसते ऐका. दुसऱ्या खेपेपूर्वी गाणारा कोण, कोठला, पोट कशावर भरी, हे माहीत करून घ्या. तिसऱ्या खेपेनंतर आवडले नाही तर खुशाल नाही म्हणा. त्या नकाराला तेव्हा किंमत येते.

हा सारा खटाटोप एका संघटकाने का करावा, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बांधकामावरील कंत्राटी मजुरांची बैठक होती. मजूर छत्तीसगडचे. चार वेळा गेलो, मागण्या समजावून दिल्या. माना हलत, पण सभासद कोणी होईना. पाचव्या रात्री खोलीत एकाच्या मोबाईलवर पंडवानी लागली होती. तंबुरा हाती धरून महाभारत सांगणाऱ्या तीजनबाईंचा तो दणदणीत आवाज. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, "भाऊ, ते बंद करा, कामाचं बोलू." त्या रात्री मी खाली बसलो आणि म्हणालो, "आधी हे पुरं होऊ द्या. आता कोणाची पाळी, भीमाची?" सगळे हसले. प्रसंग संपायला अर्धा तास लागला. मग त्यांच्यातला एक आपण होऊन म्हणाला, "दादा, ठेकेदारानं दोन महिन्यांची मजुरी ठेवली आहे."

चार बैठकांत जे कोणी सांगितले नव्हते, ते त्या रात्री सांगितले. गाण्याने मजुरी मिळत नाही. ती मिळवायला पुढे आम्हाला पाच महिने लागले. पण ज्याचे गाणे आपण पुरते ऐकून घेत नाही, तो आपले दुःख आपल्याला सांगत नाही, हे मी त्या खोलीत शिकलो.

काका आता नाहीत. त्यांचा ग्रामोफोन घरच्या अडचणीत विकला गेला. ती एक तबकडी मात्र त्यांनी माझ्या हाती दिली होती. वाजवायला माझ्याकडे यंत्र नाही. तेच गाणे मी मोबाईलवर ऐकतो आणि तबकडी समोर ठेवतो. गाणे तीन मिनिटांत संपते. माझे भाषण त्याहून बरेच लांबले, हे काकांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसते.