पेशीतले वीजघर आणि दुबळे चुंबक

आपण सारे एका अतिशय दुबळ्या चुंबकीय क्षेत्रात वावरत असतो. ते म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ सालापासून त्याची मोजणी होते. तेथे ते सुमारे ४३ मायक्रोटेस्ला भरते. वर्गातल्या पट्टीचुंबकाच्या टोकाजवळचे क्षेत्र याच्या शंभराहून अधिक पट असते. इतक्या दुबळ्या क्षेत्राचा सजीव पेशीवर परिणाम होऊ शकेल का?

प्रथमदर्शनी उत्तर 'नाही' असेच येते. शरीराच्या तापमानाला रेणूंची सतत धक्काबुक्की चालू असते. तिची ऊर्जा, पृथ्वीच्या क्षेत्रामुळे एका इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत पडणाऱ्या फरकाच्या लाखो पट असते. रक्तातले लोह चुंबकाकडे ओढले जाते, हा समजही चुकीचा आहे. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूरच ढकलले जाते, हे पाउलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ साली दाखवले.

मग वाट उरते ती तंतुकणिकेची. पेशीच्या या वीजघरात अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात दिले जातात आणि अखेर ऑक्सिजनला मिळून पाणी बनते. या साखळीच्या आरंभी 'ब२' जीवनसत्त्वापासून बनलेले फ्लेविन असते. तेथून एखादा इलेक्ट्रॉन मध्येच ऑक्सिजनवर उडी घेतो. अशा वेळी एकेक एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या दोन रेणूंची जोडी क्षणभर तयार होते.

इलेक्ट्रॉन हा स्वतःच चिमुकला चुंबक आहे. जोडीतले हे दोन चुंबक परस्परविरुद्ध असले तर त्यांचे मीलन होऊ शकते. समांतर असले तर होत नाही, आणि रेणू वेगळे होतात. या दोन अवस्थांमधील अदलाबदलीचा वेग बाहेरच्या दुबळ्या क्षेत्रानेही बदलू शकतो. रेल्वेचा सांधा बदलणारा माणूस गाडी ओढत नाही, पण ती कोणत्या रुळावर जाईल हे ठरवतो. तसेच हे आहे. पक्ष्यांना दिशा कळते ती अशाच जोड्यांमुळे असावी, अशी कल्पना क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये मांडली होती.

टोकियो विद्यापीठातील इकेया आणि वुडवर्ड यांनी २०२१ मध्ये मानवी पेशींवर निळा प्रकाश टाकून त्यांतील फ्लेविनची चमक पाहिली. चुंबक जवळ आणताच ती किंचित मंदावली. मात्र तेथील क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या शेकडो पट होते आणि जोड्या प्रकाशाने घडवलेल्या होत्या. तंतुकणिकेचे काम अंधारात चालते. तिच्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष अद्याप परस्परांशी जुळलेले नाहीत.

म्हणूनच चुंबकीय कड्यांच्या जाहिराती वाचताना सावध राहावे. परिणाम होणे वेगळे आणि गुण येणे वेगळे. असे कडे मिळाले तर वर्गात होकायंत्राजवळ धरून पाहावे. लहान चुंबकाचे क्षेत्र, थोडे दूर गेल्यावर, दुप्पट अंतरावर सुमारे एक अष्टमांश उरते. सुई कितव्या सेंटीमीटरला स्वस्थ होते, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे.