ज्यूसच्या खोक्याचा छापखाना

'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' म्हटलं की शाळेत केलेली बाटलीची फुलदाणी आठवते. मार्क मिळाले की तीही कचऱ्यात. प्रिंटमेकिंगचं तसं नाही. इथे खोकं ही शोभेची वस्तू नसते, प्लेट असते. आणि एका प्लेटवरून दहा चित्रं निघतात. १८९४ साली राजा रविवर्मांनी मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला, तेव्हा राजवाड्यातलं चित्र चाळीतल्या भिंतीवर आलं, ते याच जोरावर.

भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनीच काढलेत. पुढची पायरी मात्र थेट आर्ट कॉलेजात भेटते, कारण एचिंगला जस्ताची प्लेट, अॅसिड आणि जड प्रेस लागतो. जे.जे.मध्ये तो आहे. वर्सोव्याची खाडी ओलांडून मढच्या एखाद्या शाळेत गेलात तर कुठून असणार?

तिथे टेट्रापॅक कामाला येतो. खोकं उघडून धुवा, चंदेरी बाजू वर ठेवा आणि कर्कटकाच्या टोकाने चित्र कोरा. जिथे गडद हवं तिथलं वरचं पातळ अस्तर सोलून टाका, आतला पुठ्ठा शाई पितो. शाई चोळायची, जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, वर ओलसर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने जोर लावून घासायचं. प्रेसइतकी खणखणीत रेष येत नाही, पण येते!

मढमध्ये तर याहून सोपं साहित्य दारात आहे. फाटक्या जाळ्याचा तुकडा, दोरी, पुठ्ठ्याची कापलेली होडी हे सगळं जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, वरून फेव्हिकॉलचा हात द्या. वाळल्यावर स्पंजने रंग लावून छापा. जाळ्याची वीण इतकी सुंदर उमटते की पेन्सिलने कुणी काढूच शकणार नाही. पोस्टर कलर लवकर सुकतो, म्हणून थोडं ग्लिसरीन घाला.

खरी धमाल नावात. प्लेटवर 'मढ' लिहिलं की कागदावर 'ढम' उमटतं, तेही पाठमोरं. हसून झालं की पोरं स्वतःच विचारतात, मग सुलटं कसं आणायचं? पातळ कागदावर लिहून तो उलटा गिरवायचा. हे सांगू नका, सापडू द्या.

यातून पर्यावरण वाचतं वगैरे बोलू नका. शाई लागलेलं खोकं शेवटी कचऱ्यातच जातं. मिळतं ते वेगळं: खाली पेन्सिलने १/१०, २/१० लिहून मूल एक प्रिंट आईला देतं, एक मैत्रिणीला, आणि तरी त्याच्याकडे उरतंच.

एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचेत ना? दोन शनिवार इथे घाला. कर्कटक चालवणाऱ्या पाच-सहा मुलांमागे तुमच्यातला एक जण हवाच. आणि खोकी घरून धुऊनच आणायला सांगा. आंबलेल्या दुधाचा वास वर्गातून सोमवारपर्यंत जात नाही.