बोगद्याला आधार पोलादी तंतूंचा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा परिसरात कुडाची भिंत लिंपताना मातीत तणस मिसळण्याची रीत जुनी आहे. वाळताना माती तडकली तरी तणसाच्या काड्या तिला धरून ठेवतात. बोगद्यांना आतून दिल्या जाणाऱ्या तंतुयुक्त काँक्रीटच्या अस्तरामागील तत्त्व हेच आहे.

या अस्तराचे मोल कोकण रेल्वेच्या प्रवाशांना वेगळे सांगायला नको. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर पेडणे येथील सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा मऊ मातीतून काढावा लागला. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी व चिखल शिरला.

डोंगर पोखरताच भोवतालचा खडक सैल होऊ लागतो. तो सैल होण्याआधीच त्यावर काँक्रीट फवारले, तर खडकाचे तुकडे परस्परांना धरून राहतात आणि डोंगर स्वतःचा भार बऱ्याच अंशी स्वतःच पेलतो. पूर्वी त्यासाठी आधी पोलादी जाळी ठोकावी लागे आणि मजुरांना उघड्या छताखाली उभे राहावे लागे. ओबडधोबड खडकाला जाळी नीट चिकटतही नसे.

पोलादी तंतूंनी ही अडचण दूर केली. सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे आणि अर्धा मिलिमीटर जाडीचे, टोकांना वाकवलेले हे तंतू काँक्रीटमध्येच मिसळले जातात. एका घनमीटरला साधारणतः तीस ते चाळीस किलो तंतू लागतात. नळीच्या तोंडाशी दाबाखालील हवा आणि लवकर घट्ट करणारे रसायन मिसळून यंत्राच्या लांब हाताने हा फवारा मारला जातो. त्यामुळे माणूस धोक्यापासून दूर राहतो. नॉर्वेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही पद्धत रूढ केली.

मात्र तंतू म्हणजे सर्व दुखण्यांवरील औषध नव्हे. खडकामागे साचणाऱ्या पाण्याला वाट करून दिली नाही, तर त्याचा दाब अस्तरच ढकलून देतो. ठिसूळ जमिनीत पोलादी कमानी आणि खडकात रोवलेले बोल्टही लागतात. तंतू भेग पडणे थांबवत नाहीत. पडलेली भेग रुंदावू देत नाहीत. साधे काँक्रीट एकाएकी तुटते, तंतुयुक्त काँक्रीट आधी इशारा देते. बोगद्यात काम करणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी तेवढाच अवधी मिळतो.